मोजणी कोणाच्या घरी केली?

स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए-1 हे जनुक 1994 साली हाती लागलं, आणि पुढच्याच वर्षी बीआरसीए-2. यातल्या पहिल्या जनुकात बिघाड असलेल्या बाईला वयाच्या 70 वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे 85 टक्के, असा अंदाज त्या वेळी समोर आला होता. त्यामागचं गणित बरोबर होतं. अडचण होती ती मोजणी कोणाच्या घरी केली याची.

आई, मावशी, बहीण अशा चार-चार जणींना कर्करोग झालेली कुटुंबं निवडून हा आकडा काढलेला होता. जनुक शोधायचं तर अशीच घरं लागतात. पण धोका मोजायलाही तीच घरं घेतली, तर ते दवाखान्यात बसून गावातले आजारी मोजण्यासारखं होतं. बिघाड आहे पण कोणालाच काही झालेलं नाही, अशी कुटुंबं या मोजणीत येणार कुठून?

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले संख्याशास्त्रज्ञ शोलोम वॅकहोल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जी तोड काढली, ती मला फार देखणी वाटते. वॉशिंग्टन परिसरातल्या 5,318 ज्यू स्त्री-पुरुषांनी बोट टोचून रक्त दिलं आणि घरात कोणाला, कितव्या वर्षी कर्करोग झाला ते सांगितलं. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंमध्ये या दोन जनुकांतले तीन ठरावीक बिघाड वारंवार आढळतात, म्हणून तेवढेच तपासून भागलं. 120 जणांत बिघाड निघाला.

एवढ्याशा संख्येवरून धोका कसा काढणार? इथे नातेवाईक कामाला आले. त्यांच्या रक्ताचा एक थेंबही घ्यावा लागला नाही. तुमच्यात बिघाड असेल, तर तुमच्या आईत, बहिणीत किंवा मुलीत तो असण्याची शक्यता साधारण निम्मी. तुमच्यात नसेल, तर त्यांच्यात असण्याची शक्यता नगण्य. म्हणजे बिघाडवाल्यांच्या नातलग बायका हे अर्धं-अर्धं मिश्रण झालं. समजा, त्या गटात 100 पैकी 30 जणींना कर्करोग झाला आणि बिघाड नसलेल्यांच्या नातलगांत 10 जणींना. (हे आकडे केवळ उदाहरणापुरते.) मग 30 ची दुप्पट 60, त्यातून 10 वजा केले की उरतात 50. बिघाड असलेल्या बाईचा धोका 50 टक्के. शाळेतली सरासरी उलटी फिरवली, एवढंच! खऱ्या हिशेबात वयाचा विचार करावा लागतो, पण गाभा हाच.

1997 मध्ये निकाल छापून आला: 70 वर्षांपर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा धोका 56 टक्के, अंडाशयाच्या कर्करोगाचा 16. पुरुषांनाही प्रोस्टेट कर्करोगाचा धोका 16 टक्के होता. हे जनुक ‘बायकांचं’ नाही, ते वडिलांकडूनही येतं. आपल्याकडे आईच्या आजाराची चौकशी होते, आत्याच्या आजाराची सहसा होत नाही.

या पद्धतीतही एक फट आहेच. घरात कर्करोग पाहिलेली माणसं अशा अभ्यासाला आपणहून जास्त येतात, त्यामुळे आकडा थोडा फुगू शकतो.

शिवाय आकडा एका जागी थांबला नाही. 2003 च्या न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात, बिघाड तेच असूनही 1940 पूर्वी जन्मलेल्या बायकांत पन्नाशीपर्यंतचा धोका 24 टक्के दिसला आणि नंतर जन्मलेल्यांत 67. पुढे बिघाड असलेल्या हजारो बायकांवर अनेक वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 80 वर्षांपर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा धोका बीआरसीए-1 साठी 72 टक्के आणि बीआरसीए-2 साठी 69 टक्के निघाला. जवळच्या नात्यात जितक्या जास्त जणींना हा आजार झालेला, तितका धोका वाढत गेलेला दिसला. म्हणून तपासणीचा कागद हातात असला, तरी समुपदेशक कुटुंबाची वंशावळ काढायला बसतात आणि आत्याबद्दलही विचारतात.