आपत्कालीन निवारा आणि स्वच्छता

भूकंप, पूर, युद्ध किंवा दंगलीमुळे घर सोडावे लागलेल्या लोकांसाठी छप्पर, पाणी व संडास यांची तातडीने केलेली सोय. देशाची सीमा ओलांडून आलेले ते निर्वासित आणि देशातल्या देशात हललेले ते विस्थापित, असा भेद कायदा करतो. खड्डा मात्र दोघांसाठी सारखाच खणावा लागतो.

तंबूंची छायाचित्रे छापून येतात, संडासांची येत नाहीत. पण उष्ण प्रदेशांतल्या छावण्यांत माणसे मोठ्या संख्येने दगावतात ती पटकी (कॉलरा) आणि हगवणीने. जुलै 1994 मध्ये रवांडातून लाखो लोक अवघ्या चार-पाच दिवसांत झाईरमधील (आताचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) गोमा परिसरात आले. हा ज्वालामुखीच्या पायथ्याचा प्रदेश. थिजलेल्या लाव्हाच्या खडकात कुदळ चालेना, त्यामुळे संडासाचे खड्डे खणता येईनात आणि प्रेते पुरण्याचेही. लोक किवू सरोवराचे पाणी तसेच पिऊ लागले. आधी पटकी आणि पाठोपाठ रक्ती आव पसरली. पहिल्या महिनाभरात सुमारे 50,000 माणसे गेली.

त्या धक्क्यानंतर मदतसंस्था आणि रेडक्रॉस चळवळीने 1997 मध्ये किमान निकष ठरवण्याचे काम हाती घेतले. हे निकष ‘स्फिअर’ नावाने ओळखले जातात. त्यानुसार माणशी निदान 3.5 चौरस मीटर छपराखालची जागा हवी. पाच जणांच्या कुटुंबाला हे साधारण 188 चौरस फूट पडतात, म्हणजे मुंबईच्या बीडीडी चाळीतल्या 160 फुटी खोलीपेक्षा थोडे जास्तच. पाणी माणशी रोज 15 लिटर, एका नळावर 250 पर्यंत माणसे. संडास सुरुवातीच्या गर्दीत 50 जणांमागे एक चालतो, पुढे 20 जणांमागे एक हवा. भारतात 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 12 नुसार मदत छावण्यांसाठी किमान निकष ठरवलेले आहेत. त्यांत हे प्रमाण 30 जणांमागे एक असे धरले आहे.

खरी कसोटी अंतराची. संडास राहत्या जागेपासून 50 मीटरच्या आत हवा, नाहीतर रात्री कोणी जात नाही. विहीर किंवा हातपंपापासून मात्र तो 30 मीटर तरी लांब हवा, आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या दीड मीटर वर. दाटीच्या छावणीत ही तिन्ही मापे एकत्र जुळवताना आखणी करणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. बांगलादेशात कॉक्स बाजारच्या टेकड्यांवर 2017 मध्ये सुमारे सात लाख रोहिंग्या आले, तेव्हा घाईत खणलेले उथळ संडास लवकरच भरले, आणि शेजारच्या कूपनलिकांच्या पाण्यात मैल्याचे जंतू सापडू लागले. आतून लागणारी कडी, वाटेवर दिवा आणि स्त्रियांसाठी वेगळी रांग, एवढ्या गोष्टी नसल्या तर बायका दिवसभर पाणी पिणेच टाळतात. हा खर्च किरकोळ असतो, तरी नेमका तोच राहून जातो.

किल्लारीच्या भूकंपानंतर (30 सप्टेंबर 1993) लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत पत्र्याची शेड उभी राहिली. दगडमातीच्या भिंती आणि वर जड माळवद असलेल्या घरांनी माणसे चिरडली होती, म्हणून हलके पत्रे रास्तच होते; पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याखाली दुपारी बसवत नसे. पुढे 52 गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. ऑगस्ट 2019 च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात लोकांना शाळा आणि मंगल कार्यालयांत हलवले गेले. छप्पर पक्के मिळाले, पण मंगल कार्यालयातले संडास एका दिवसाच्या वऱ्हाडाच्या हिशेबाने बांधलेले असतात. चहूकडे पाणी आणि प्यायला मात्र टँकरची वाट, कारण पाणी उपसणारी केंद्रेच बुडाली होती.

पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून अर्ध्या तासाने क्लोरीन उरले आहे का, हे पाहणारी ‘ओटी टेस्ट’ ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला चांगली ठाऊक असते. छावणीतही तेच करतात: नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडीनचे (‘ओटी’चे) दोन-चार थेंब, आणि पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. तरीही हगवण लागलीच तर जलसंजीवनी. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनाबिस यांनी पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजले, आणि पटकीच्या रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. हे पाणी पाजण्याचे काम बरेचसे रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले.

खड्डा वरून अर्धा मीटर रिकामा राहिला की भरला असे धरतात. मग वरचा आडोसा उचलून नव्या खड्ड्यावर नेतात, आणि जुन्यावर माती लोटून जागेवर खूण करून ठेवतात.