छोटी टाकी म्हणजे सोपी टाकी? नाही!

खाऱ्या पाण्यातला मत्स्यालयाचा छंद सुरू करणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला: ‘आधी छोट्या टाकीवर हात बसवा, मग मोठी घ्या.’ ऐकायला पटतो, पण प्रवाळांच्या बाबतीत तो उलटा आहे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. 20 लिटरच्या टाकीतलं एक लिटर उडालं की 35 चे जवळपास 37 होतात. 100 लिटरच्या टाकीत तेवढ्याच पाण्याने जेमतेम 35.4. प्रवाळांना असे चढउतार सोसत नाहीत. उरलेल्या खाद्यातून सुटणाऱ्या अमोनियाचंही तेच: पाणी कमी, तर विष दाट.

इथे आणखी एक चूक सर्रास होते. पातळी खाली गेली की लोक मिठाचंच पाणी ओततात. क्षार गेलेलेच नसतात! भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, रोज, थोडी थोडी. मिठाचं पाणी लागतं ते जुनं पाणी काढून बदलताना.

जागा असेल तर पहिलीच टाकी 80-100 लिटरची घ्या. टाकीत मासे-प्रवाळ सोडण्याआधी अमोनिया पचवणारे उपयुक्त जिवाणू वाढायला महिना-दीड महिना द्या. अमोनिया आणि नायट्राइट (जिवाणू अमोनियापासून बनवतात ते दुसरं विष) दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासा आणू नका, दुकानदार कितीही म्हणू दे.