इराणी हॉटेल

इराणी हॉटेल (बोलीत नुसते 'इराणी') : इराणमधून आलेल्या कुटुंबांनी मुख्यतः मुंबई, पुणे व हैदराबाद येथे चालवलेली चहा-पावाची उपाहारगृहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी यझ्द व केरमानकडचे अनेक झरथुष्ट्री दुष्काळाला आणि काजार राजवटीतील जाचाला कंटाळून मुंबईत आले. शेकडो वर्षे आधी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पारशांचे हे धर्मबंधू, पण त्यांची ओळख वेगळीच राहिली. काही हॉटेलमालक शिया मुस्लिमही होते.

ही हॉटेले बहुधा रस्त्याच्या कोपऱ्यावर असत. हिंदू दुकानदार कोपऱ्याचा गाळा अशुभ मानत, म्हणून तो इराण्याला स्वस्तात मिळे, असे सर्रास सांगितले जाते. ते असो, दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक आणि दोन बाजूंचा उजेड मिळणारी जागा कोणता धंदेवाला सोडेल? आत संगमरवरी पृष्ठाची टेबले, वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतींवर आरसे आणि गल्ल्याशेजारी बिस्किटांच्या काचेच्या बरण्या. अनेक ठिकाणी गल्ल्यावरच अंडी, साबण, दाढीची पाती असा किरकोळ मालही मिळे.

खाण्यात पहिला मान ब्रुन-मस्क्याचा. ब्रुन म्हणजे कडक कवचाचा पाव. तो आडवा कापून आत सढळ हाताने लोणी लावतात, कधी वर साखर भुरभुरतात. चहात बुडवल्याशिवाय तो दातांना दाद देत नाही आणि बुडवला की कपात लोण्याचे तवंग तरंगू लागतात. ते पाहून नाक मुरडणाऱ्याने मऊ बनमस्का मागवावा. चहा 'पानी कम', म्हणजे पाणी कमी घातलेला आणि दाट. जोडीला खारी, मावा केक, ऑम्लेट-पाव, खिमा-पाव, अकुरी (पारशी पद्धतीची अंडाभुर्जी). गारव्याला रासबेरी सोडा.

पदार्थांहून मोठी गोष्ट म्हणजे बसायची मुभा. एका चहावर वर्तमानपत्र वाचत तासभर बसता येई. कामगार, वकील, विद्यार्थी आणि घोड्यांची पुस्तके चाळणारे शर्यतबाज शेजारच्या टेबलांवर असत आणि जात कोणी विचारत नसे. अर्थात सगळेच इराणी मालक सोशिक नव्हते. काहींनी भिंतीवर सूचनांची लांबलचक पाटी लावली होती; निस्सिम इझिकेल यांनी अशा सूचनांवरच एक इंग्रजी कविता रचली.

उडप्यांची स्पर्धा, कोपऱ्याच्या जागेला आलेला भाव, भागीदारांतील तंटे आणि पुढच्या पिढीने धरलेल्या वेगळ्या वाटा यांमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही हॉटेले झपाट्याने कमी झाली. काहींनी बिअरची परवानगी काढून रूप बदलले. धोबी तलावावरील कयानी (१९०४) आणि ग्रँट रोड स्थानकाजवळील मेरवान (१९१४) ही जुनी नावे. मेरवानचा मावा केक हवा असेल तर सकाळीच गाठावे लागे. बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया (१९२३) ही दुपारच्या जेवणाची जागा. तिथला बेरी पुलाव इराणी झरेश्कच्या आंबट लाल फळांमुळे नावाजला. कुलाब्याचे लिओपोल्ड (१८७१) मात्र आता पर्यटकांचेच अधिक.

पुण्यात डेक्कनवरचे गुडलक (१९३५) महाविद्यालयीन पिढ्यांचा अड्डा. कॅम्पातील कयानी बेकरी हॉटेल नव्हे, पण तिच्या श्रूजबेरी बिस्किटांचा उल्लेख टाळला तर पुणेकर ही नोंदच बाद ठरवतील. हैदराबादचा इराणी चहा मुंबईपेक्षा निराळा. तिथे चहाचा काढा झाकून मंद आचेवर मुरवतात, दूध वेगळे आटवतात आणि दोन्ही कपातच एकत्र करतात. सोबत खारट-गोड उस्मानिया बिस्कीट. लंडनमध्ये २०१० साली सुरू झालेल्या 'डिशूम' या उपाहारगृहाने मुंबईच्या इराण्याची सजावट उचलली. तिथे टेबलासाठी रांग लागते, आणि एका चहावर तासभर बसणे अवघडच.