बंब, सौरबंब आणि हीट पंप: पुण्यातल्या गरम पाण्यामागचा पैसा

कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही ठोक्यांचा आवाज येतो. पेशवाईत वसलेल्या या आळीने पुण्याच्या न्हाणीघरांना घंगाळी, हंडे आणि पाणी तापवायचे बंब दिले. बंबाला कुणी अनुदान दिलं नाही की कर्ज. तांब्याचा बंब एकदा घेतला की पिढी निघायची. रोजचा खर्च ढलप्यांचा आणि कोळशाचा. पुढे गॅस आला, बाथरूममध्ये गीझर टांगला गेला आणि अंघोळीचा खर्च विजेच्या बिलात मिसळला.

पाणी तापवायला सरकारी पैसा मिळू लागला तो १९७३च्या तेलसंकटानंतर. १९८२मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग झाला, १९८७मध्ये या क्षेत्राला कर्ज देणारी इरेडा. सौरबंबाला, म्हणजे गच्चीवर उन्हाने पाणी तापवणाऱ्या संचाला, सुरुवातीला थेट अनुदान होतं. नंतर भर स्वस्त कर्जावर आला. २००५च्या सुमारास घरगुती ग्राहकाला सौरबंबासाठी २ टक्के व्याजाने कर्ज मिळत होतं. आज हा आकडा खोटा वाटेल! २०१०च्या राष्ट्रीय सौर मोहिमेने २०२२पर्यंत सौरबंबांसारख्या ऊन शोषणाऱ्या संचांचं एकूण २ कोटी चौरस मीटर क्षेत्र उभारायचं उद्दिष्ट ठेवलं, भांडवली अनुदानही दिलं. ते २०१४मध्ये बंद झालं. पुण्यात मात्र एक गोष्ट टिकली: महापालिकेची मिळकतकरातली सवलत. सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण आणि गांडूळखत यांपैकी एक असेल तर ५ टक्के, दोन असतील तर १०.

या साऱ्या काळात पैसा सूर्यामागे गेला. हवेतली उष्णता कुणाच्या यादीतच नव्हती, आणि हीट पंप चालतो तो तिच्यावर. फ्रिजच्या मागे हात लावला की गरम लागतं, कारण आतली उष्णता तो बाहेर फेकत असतो. हीट पंप तेच उलट वापरतो: बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्यात सोडतो. लॉर्ड केल्विनने ही कल्पना १८५२मध्येच मांडली होती. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला गीझरला साधारण साडेतीन युनिट लागतात. हीट पंपाचं काम सव्वा युनिटच्या आत होतं. पुण्याची हवा त्याला मानवते. थंडीतल्या दुपारीही ती पंचविशी ओलांडते, आणि पाणी दुपारीच तापवून टाकीत ठेवता येतं.

परदेशात याच यंत्राला मोठी मदत मिळाली, कारण तिथे बऱ्याच ठिकाणी अख्खं घर गॅसवर तापवलं जातं. अमेरिकेच्या २०२२च्या कायद्याने खर्चाच्या ३० टक्के, कमाल २,००० डॉलर करसवलत दिली. २०२५च्या नव्या कायद्याने त्या वर्षअखेरीस ती संपवली. ब्रिटनमध्ये ५,००० पौंडांची मदत २०२३मध्ये ७,५०० झाली. तिथले आकडे वाचून इथे 'किती सबसिडी मिळेल?' असं विचारणारे मला भेटतात. आपला प्रश्न फक्त अंघोळीच्या पाण्याचा आहे आणि आपलं अनुदान वेगळ्या रस्त्याने येतं.

तो रस्ता फेब्रुवारी २०२४मध्ये उघडला. पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या १ किलोवॉट सौरवीज संचाला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून मोठ्याला ७८,००० रुपये मिळतात. शिवाय तारणाशिवाय कमी व्याजाचं कर्ज. गृहनिर्माण सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये. हीट पंप स्वतः या चौकटीत बसत नाही. पण छतावर वीज तयार होत असेल तर तो दुपारी तिच्यावर चालतो, आणि अनुदान अप्रत्यक्षपणे गरम पाण्यापर्यंत पोहोचतं. बंगल्यात किंवा रो-हाउसमध्ये हे जमवणं सोपं आहे.

सोसायटीत खरी ओढाताण गच्चीवर होते. उंच इमारतीत फ्लॅट वाढले, गच्ची तेवढीच राहिली. सौरबंबाचं पाणी बऱ्याच ठिकाणी प्रत्येक घराच्या एकाच बाथरूमला मिळतं, खालच्या मजल्यावर तर बादलीभर गार पाणी सोडल्यावर. अनुदान आता वीज बनवणाऱ्या पॅनेलला आहे आणि ती पॅनेल मागतात तीच जागा. माझं मत वीजपॅनेल आणि हीट पंप या जोडीच्या बाजूने झुकतं. पॅनेल उन्हातली सुमारे २० टक्के ऊर्जा विजेत आणतं, हीट पंप त्या विजेची तिप्पट उष्णता करतो. म्हणजे हिशेब ६० टक्क्यांच्या आसपास, चांगल्या सौरबंबाइतकाच. पावसाळ्यात सौरबंब थंड पडतो तेव्हा हीट पंप चालूच असतो. तरीही चांगले चालणारे सौरबंब घाईने उतरवू नयेत. हीट पंप त्यांच्याच टाकीला जोडता येतो, आणि मिळकतकरातली सवलत ज्या संचावर मिळाली तो चालू ठेवणंही त्यात साधतं.

हीट पंपाचा खर्च मात्र अजून सभासदांच्याच खिशातून जातो. त्यासाठी वर्गणी काढायची, सोसायटीच्या निधीला हात लावायचा की बँकेकडे जायचं, हे सर्वसाधारण सभेत ठरतं. आणि तिथे तळमजल्यावरचा सभासद विचारतो, 'माझ्या नळाला गरम पाणी किती मिनिटांत येणार?'