स्पॉयलरची कुंपणे: एक पार्श्वभूमी

न खेळलेल्या गेमचा शेवट आधीच कानावर पडू नये, म्हणजेच स्पॉयलर मिळू नये, म्हणून आज जेवढी साधने हाताशी आहेत, तेवढी कधीच नव्हती. काळ्या पट्टीखाली झाकलेला मजकूर आहे, लपवलेल्या ट्रॉफ्या आहेत, सोशल मीडियावर म्यूट करता येणारे शब्द आहेत (ते असलेल्या पोस्ट मग दिसतच नाहीत), रेकॉर्डिंगच होऊ न देणारे प्रसंग आहेत. तरीही गेम सुरू करण्याआधीच त्यात कोण मरते हे कळलेला माणूस शोधायला फार लांब जावे लागत नाही. याचे खापर नेहमी आगाऊ लोकांवर फुटते. ते निम्मेच खरे. उरलेला दोष कुंपणांचा आहे. कुंपण घातले की आत राखण्याजोगे काहीतरी आहे, हे रस्त्याने जाणाऱ्यालाही कळते.

ही अडचण सगळ्यात आधी नीट ओळखली ती टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचरवाल्यांनी. त्या गेममध्ये चित्रे नसत, आज्ञा टाइप करायच्या, आणि एकेका कोड्यापाशी आठवडेच्या आठवडे अडकून पडणे ही नेहमीची गोष्ट होती. १९८२ च्या सुमारास अशा गेमसाठी अदृश्य शाईत छापलेल्या पुस्तिका निघाल्या. सोबत एक खास पेन मिळे. प्रश्नाखालच्या कोऱ्या जागेवर ते फिरवले की पहिली सूचना उमटे, अगदी मोघम. तेवढ्याने भागले नाही तर दुसरी, मग तिसरी, आणि अगदीच हात टेकले तर सरळ उत्तर. पण उत्तरे अदृश्य असली तरी प्रश्न साध्या शाईतच होते. अमुक राक्षसाला कसे हरवायचे, असा प्रश्न दिसला की गेममध्ये राक्षस आहे हे कळलेच. म्हणून पुस्तिका लिहिणाऱ्यांनी त्यात मुद्दाम खोटे प्रश्न पेरले, गेममध्ये मुळात नसलेल्या गोष्टींबद्दलचे. ते उघडून पाहणाऱ्याच्या पदरी उत्तराऐवजी टपली पडे. चाळीस वर्षांत यापेक्षा हुशार तोडगा निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

त्याच काळात युजनेटवर, म्हणजे वेबच्या आधीच्या संगणकी चर्चामंचांवर, वेगळी वाट निघाली. रोमन अक्षरे तेरा घरे पुढे सरकवून मजकूर निरर्थक करायचा, आणि ज्याला वाचायचा त्याने तीच क्रिया पुन्हा करून तो सरळ करायचा. अक्षरे २६ असल्यामुळे जायची आणि यायची वाट एकच. (आपल्या वर्णमालेला हे गणित लागू पडत नाही.) हा प्रकार आधी वात्रट विनोद झाकण्यासाठी वापरात होता, कथांचे शेवट झाकण्यासाठी तो पुढे रुळला. काहीजण तेवढीही तसदी न घेता मजकुराच्या वर पडदाभर कोऱ्या ओळी सोडत. वाचायचे की नाही, याचा निर्णय दोन्हीकडे वाचणाऱ्याच्या हातात राही.

गुंता आहे तो खुद्द स्पॉयलर या शब्दात. आज गेमचा स्पॉयलर म्हटले की कथेतले वळण डोळ्यासमोर येते. पण गेमच्या दुनियेत या शब्दाचा आणखी एक जुना अर्थ आहे. १९८७ साली आलेल्या 'नेटहॅक'च्या खेळाडूंमध्ये स्पॉयलर म्हणजे गेमच्या नियमांची माहिती देणाऱ्या फायली. कोणती वस्तू नेमके काय करते, कोणता प्राणी खाल्ला तर काय होते, अशी जंत्री त्यांत असते. तिथे शेवट काय आहे हे कोणी लपवत नाही, खाली जाऊन एक वस्तू घेऊन परत यायचे हे पहिल्याच पडद्यापासून ठाऊक असते. लपवायचे ते ज्ञान. एकही स्पॉयलर न वाचता हा गेम जिंकणे ही त्या मंडळींत खास मिरवण्याची गोष्ट आहे. हा दुसरा अर्थ पुढे मागे पडला, आणि नंतरची जवळजवळ सगळी साधने पहिला अर्थ डोक्यात धरून बनली. एखाद्या कोड्याचे उत्तर कोणी सहज सांगून टाकले तर आजही त्याला फारसे कोणी स्पॉयलर म्हणत नाही. त्याला "मदत" म्हणतात.

मधला काळ थोडक्यात उरकतो. फोन करून अडचण विचारायची सोय आली, मासिकांत नकाशे छापून येऊ लागले, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून अख्ख्या गेमची वाटचाल एकाच लांबलचक टेक्स्ट फाइलमध्ये मिळू लागली. अदृश्य शाईतला जो टप्प्याटप्प्याचा संकोच होता तो या फायलींनी मोडला. एका दरवाजाची किल्ली शोधायला गेलेल्याची नजर तीन ओळी खाली जायची आणि पुढचा अध्यायच फुटायचा. १९९७ च्या एका जपानी रोल-प्लेइंग गेममधला मृत्यू असाच जगभर पसरला. नाव मी इथेही घेत नाही, पण "मृत्यू" म्हटल्याबरोबर अनेकांना ते आठवले असेल. मग माझे मौन काय कामाचे? त्या गेमची नव्याने केलेली आवृत्ती २०२० मध्ये आली तेव्हा मात्र गंमत झाली. कथा जुन्या वाटेनेच जाईल याची खात्री उरली नाही, आणि जगजाहीर गोष्टीचे पुन्हा गुपित झाले.

२००५ मध्ये एका कन्सोलबरोबर अचीव्हमेंट आल्या, २००८ मध्ये दुसऱ्यावर ट्रॉफ्या. दोन्ही म्हणजे गेममधला एकेक टप्पा गाठल्याची नावानिशी शाबासकी. यादी उघडली की पुस्तकाची अनुक्रमणिका वाचल्यासारखे होई, म्हणून काही नावे झाकण्याची सोय ठेवली गेली. पण किती नावे झाकली आहेत हे दिसतच राहिले. २०१३ च्या अखेरीस आलेल्या कन्सोलने तर कंट्रोलरवर शेअरचे बटणच दिले. स्पॉयलर पसरवायला आता काही लिहायची गरज नव्हती, अंगठा पुरेसा होता. त्यावर उतारा म्हणून, ठरावीक प्रसंगांचे रेकॉर्डिंग बंद करण्याचा अधिकार गेम बनवणाऱ्यांना मिळाला. प्रसंग आला की पडद्याच्या कोपऱ्यात रेकॉर्डिंग थांबल्याची सूचना झळकते. खेळणारा सावरून बसतो. आता काहीतरी होणार, हे त्याला कथेने नव्हे तर यंत्राने सांगितलेले असते.

एप्रिल २०१७ मधल्या 'पर्सोना ५'च्या निर्णयाकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. हा गेम जपानमध्ये सप्टेंबर २०१६ मध्ये आला होता, इंग्रजी आवृत्ती ४ एप्रिल २०१७ रोजी आली. म्हणजे गुपित जपानी भाषेत साडेसहा महिने मोकळे फिरत होते. कन्सोलचे शेअर बटण या गेमसाठी संपूर्ण बंद ठेवले होते, एखाद्या प्रसंगापुरते नव्हे. त्यातच इंग्रजी आवृत्ती आली त्याच दिवशी प्रकाशकांनी स्ट्रीमरांसाठी, म्हणजे आपला खेळ इंटरनेटवर इतरांना दाखवणाऱ्यांसाठी, नियमावली काढली. व्हिडिओ एका वेळी ९० मिनिटांपेक्षा मोठा नको, कथेतली मोठी वळणे नकोत, आणि गेमच्या आतल्या कॅलेंडरमध्ये ७ जुलै उजाडला की त्यापुढचे काहीही दाखवायचे नाही. दाखवलेच तर कॉपीराइटचा दावा होईल, प्रसंगी चॅनेलवर स्ट्राइक (नियमभंगाचा ठपका) येईल किंवा खाते बंद होईल, असा इशाराही होता.

गेमच्या आतली तारीख ही सीमारेषा म्हणून निवडणे तसे चतुर होते. या गेममध्ये एकेक दिवस जगावा लागतो, कॅलेंडर एप्रिलमध्ये सुरू होते, आणि कोण कुठवर पोचला हे तारखेवरून तंतोतंत कळते. प्रकाशकांची काळजीही अगदीच पोकळ नव्हती. जवळपास शंभर तासांचा, कथेवर उभा असलेला गेम कोणी सलग पाहून टाकला तर तो विकत कशाला घेईल? पण विकत घेतलेल्या वस्तूचे काय करायचे हे विकणाऱ्याने नंतर सांगणे लोकांना खटकले, आणि धमकीचा सूर त्याहून जास्त. शिवाय बाहेरून कॅप्चर कार्ड, म्हणजे पडद्यावरचे चित्र टिपणारे वेगळे उपकरण, जोडणाऱ्याला बटण बंद असल्याचा काडीचाही त्रास नव्हता. नियम बसला तो मुख्यतः नियम पाळणाऱ्यांवर.

तीन-एक आठवड्यांत माघार आली. मजकूर धमकीसारखा वाटला याबद्दल दिलगिरी व्यक्त झाली आणि सीमा ७ जुलैवरून १९ नोव्हेंबरवर गेली. प्रकाशकांनी ऐकून घेतले याचे कौतुक झाले, ते योग्यच. माझ्या मते मात्र दुसरी तारीख पहिलीपेक्षा वाईट होती. पहिली निदान आडमाप होती. तिच्यामागे कुठेतरी काहीतरी आहे, एवढेच कळत होते. दुसरीने बोट ठेवून जागा दाखवली. ती तारीख कशाची, हे खेळलेल्यांना सांगायला नको. न खेळलेल्यांनाही निम्मे समजले. अदृश्य शाईवाल्यांनी अशा वेळी चार खोट्या तारखा पेरल्या असत्या.

स्पॉयलरचा एवढा बाऊ कशाला, असे म्हणणारे २०११ चा एक प्रयोग नेहमी पुढे करतात. त्यात शेवट आधी सांगितलेल्या कथा वाचकांना सरासरीने अधिक आवडल्या होत्या. नंतरच्या काही प्रयोगांत उलटे निष्कर्षही निघाले. पण मुळात तो प्रयोग बारा लघुकथांवर होता. लघुकथा वाचणाऱ्याला कुलूप उघडावे लागत नाही. त्यामुळे गेमबद्दल, निदान शब्दाच्या त्या दुसऱ्या अर्थाबद्दल, तो काहीच सांगत नाही.

एप्रिल २०२० मध्ये एका बहुप्रतीक्षित सीक्वेलची दृश्ये गेम बाजारात येण्याच्या जवळपास दोन महिने आधी फुटली. तो बाहेर आला जूनमध्ये. दरम्यान लोकांनी शब्द म्यूट करून कान झाकले. गेमचे नाव म्यूट करणे सोपे होते. नव्या पात्रांची नावे कशी म्यूट करणार? त्यासाठी ती आधी कळायला हवीत. काहींनी इतरांनी बनवलेल्या याद्या वापरल्या. आणि यादीत एखादे अनोळखी नाव दिसले की त्याचे काही महत्त्व असणार, हे आलेच. काळ्या पट्टीचेही तसेच. "शेवटी" या शब्दानंतर चार अक्षरांएवढी पट्टी असेल तर मुख्य पात्रांपैकी कोणाचे नाव चार अक्षरी आहे हे मोजायला कितीसा वेळ लागतो!

जुना अर्थ पूर्ण विझला नव्हता हे २०१९ च्या 'आउटर वाइल्ड्स'ने दाखवले. तिथे खेळाडूची ताकद वाढत नाही, नवी हत्यारे मिळत नाहीत. वाढते फक्त माहिती. पुढे जायला जे लागते ते सगळे पहिल्या दिवसापासून हातात असते, ते कसे वापरायचे एवढेच ठाऊक नसते. अशा गेमचे एक वाक्य फुटले तरी गेमचा एक तुकडा कायमचा जातो, आणि तो परत खेळून मिळवता येत नाही. त्याचे चाहते म्हणूनच नवख्यांना "काही वाचू नकोस, सुरू कर" एवढेच सांगतात. अडलेल्या माणसाला ते उत्तर देत नाहीत, उलट विचारतात की तू आतापर्यंत काय पाहिलेस आणि कुठे गेला नाहीस. पेनाने एकेक सूचना उमटवण्याचीच ही रीत, फक्त शाईच्या जागी माणूस.

२०२० च्या अखेरीस आलेल्या एका कन्सोलच्या सेटिंगमध्ये स्पॉयलरच्या इशाऱ्यासाठी दोन पर्याय आहेत. मी अजून न पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल सावध करा, किंवा गेम बनवणाऱ्यांनी स्पॉयलर ठरवलेल्या गोष्टींबद्दलच सावध करा. पहिल्यात ठरवणारा खेळाडूचा प्रवास आहे, दुसऱ्यात निर्माता. नेटहॅकवाल्याला विचारले तर तो डोळे मिटून पहिला निवडेल, आणि इशारा झळकला की तो कशाबद्दल असेल याचा अंदाज बांधत बसेल.