शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह: मागणी कोणी, कोठे आणि कोणत्या कागदपत्रांसह करावी

कोकणातील वाडीवरच्या शाळेत मुलींचे स्वच्छतागृह अनेकदा बांधलेले असते, पण वापरात नसते. टाकीत पाणी नसते, खाऱ्या वाऱ्याने बिजागरी गंजून दार लागत नाही, किंवा आषाढात शोषखड्डा तुंबतो. अशा शाळेत पाळी सुरू झालेल्या सहावी-सातवीतल्या मुलीला ते चार दिवस घरी राहावे लागणे ही गंभीर बाब आहे. म्हणून अर्जात केवळ ‘शौचालय बांधून मिळावे’ असे न लिहिता पाणी, आतून लागणारी कडी, हात धुण्याची जागा आणि वापरलेल्या पॅडची विल्हेवाट या सर्वांची मागणी एकत्र करावी.

या मागणीला कायद्याचा आधार आहे. 2009 च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या अनुसूचीत मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे सुरक्षित पाणी हे शाळेचे निकष म्हणून नमूद आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून मागणी करावी. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्या लागतात. ठराव समितीतील मातांनी मांडावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण कपडे अडकवायची खुंटी किंवा झाकणाचा डबा यांसारख्या गोष्टी त्यांनाच आठवतात आणि एरवी त्या अंदाजपत्रकातून राहून जातात.

निधी कोठून येईल हे आधी समजून घ्यावे. समग्र शिक्षा अभियानाचे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. 30 पर्यंत पट असलेल्या शाळेसाठी वर्षाला 10,000 रुपये आणि 31 ते 100 पटासाठी 25,000 रुपये असा दर आहे, आणि त्यातील किमान 10 टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. कोकणात लहान पटाच्या शाळा पुष्कळ असल्याने हा वाटा हजार-अडीच हजारांत संपतो. त्यातून साबण, फिनेल आणि एखादी कडी येईल, बांधकाम होणार नाही. बांधकामासाठी ग्रामपंचायतीकडे, तसेच शिक्षण विभागामार्फत जिल्हा नियोजन समितीच्या निधीसाठी मागणी करावी लागते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा 60 टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बंधित ठेवला होता. चालू वर्षी कोणत्या शीर्षाखाली (खर्चाच्या खात्याखाली) तरतूद आहे हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारून अर्जात तेच शीर्ष लिहावे. खाजगी संस्थांच्या अनुदानित माध्यमिक शाळांना संयुक्त अनुदान मिळत नाही. त्यांनी कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा मार्ग पाहावा.

मुख्याध्यापकांनी ठरावाची एक प्रत केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी आणि दुसरी ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यावी. ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिला सभेत हा विषय आला, तर पुढील वर्षाच्या गाव विकास आराखड्यात त्याची नोंद होण्याची शक्यता वाढते. आराखड्याचे काम साधारणतः 2 ऑक्टोबरपासून सुरू होते, त्यामुळे ठराव गणपतीची सुट्टी संपताच करून घ्यावा. शाळांची माहिती भरण्याच्या यू-डायस प्लस या सरकारी ऑनलाइन प्रणालीमध्ये शौचालय ‘वापरात आहे’ असे भरले गेले असेल आणि अर्जात ‘बंद आहे’ असे लिहिले असेल, तर प्रस्ताव तिथेच अडकू शकतो. ही नोंद आधी दुरुस्त करावी.

अर्जासोबत समितीचा ठराव, यू-डायस क्रमांकासह मुलींचा इयत्तावार पट, सद्यःस्थितीची छायाचित्रे, बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याने पाहणी करून केलेले अंदाजपत्रक आणि जागेचे कागद जोडावेत. आपल्याकडे खरी अडचण जागेच्या कागदांची असते. गावातील कोणी आजोबांनी शाळेला तोंडी जागा दिलेली असते, सातबारावर मात्र मुंबईत राहणाऱ्या डझनभर सहहिस्सेदारांची नावे असतात. स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र नोंदणीकृत असावे लागते, आणि त्यानंतर फेरफार होऊन सातबारावर शाळेची वा ग्रामपंचायतीची नोंद व्हायला हवी. हिस्सेदार गणपतीला गावी येतात, तेव्हाच सर्वांची संमती घेऊन नोंदणीचे काम मार्गी लावावे. तूर्त जुन्या बांधकामाची दुरुस्ती मागता येत असेल तर तीच आधी मागावी. भरतीरेषेजवळच्या शाळांनी नव्या बांधकामापूर्वी सागरी किनारा नियमन क्षेत्राचे बंधन आहे का, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे.

अंदाजपत्रक होताना समितीचे कोणी तरी जागेवर हजर असावे. जांभ्याच्या सच्छिद्र कातळातून सांडपाणी लांब झिरपते, म्हणून शोषखड्डे विहिरीच्या वरच्या अंगाला नकोत. शक्य तेथे आलटून पालटून वापरण्याचे दोन खड्डे घ्यावेत, आणि दार लोखंडी पत्र्याऐवजी न गंजणाऱ्या साहित्याचे मागावे. वैशाखात विहीर आटते, त्यामुळे साठवण टाकी आणि तिच्यात पाणी भरण्याची व्यवस्था यांचाही अंदाजपत्रकात समावेश करावा.

अर्जाला उत्तर मिळाले नाही, तर शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत अपेक्षित असून, त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर मात्र मुख्याध्यापकांनी घाईने सही करू नये. नळ सोडून पाहावा, दार आतून लावून पाहावे, आणि एखाद्या शिक्षिकेने किंवा समितीतील आईने मोठ्या मुलींना विचारावे की त्या हे स्वच्छतागृह वापरतील का.