जॅम बँडची मैफल

जॅम बँडची मैफल : बांधलेल्या गाण्यांचा आधार घेऊन रंगमंचावर त्यांचा आयत्या वेळी दीर्घ विस्तार करणाऱ्या रॉक वाद्यवृंदाचे प्रत्यक्ष सादरीकरण, आणि ते ऐकायला पुन्हा पुन्हा येणाऱ्या जाणकार श्रोतृवर्गाची त्याभोवती घडलेली प्रथा. हा प्रकार मूळचा अमेरिकेचा. कॅलिफोर्नियातील ‘ग्रेटफुल डेड’ (स्थापना १९६५) हा त्याचा आद्य वाद्यवृंद मानला जातो, तर व्हरमाँट विद्यापीठात १९८३ मध्ये सुरू झालेला ‘फिश’ हा पुढच्या पिढीतील प्रमुख होय. ‘जॅम बँड’ हे नाव या प्रकाराला साधारणतः १९९० च्या दशकात चिकटले. ‘ग्रेटफुल डेड’ने १९९५ पर्यंत सुमारे २,३०० मैफली केल्या आणि कार्यक्रमपत्रिका रोज बदलती ठेवली. ऐकणाऱ्याच्या आनंदाचे मूळ बव्हंशी या बदलतेपणात आहे.

दीर्घ उपजेची ही पद्धत रॉक संगीतात नेमकी कोठून आली, याबद्दल मतभेद आहेत. एक मत तिचे श्रेय लेखक केन केसी याच्या भोवतीच्या मंडळींनी १९६५-६६ मध्ये भरवलेल्या ‘ॲसिड टेस्ट’ या, एलएसडी या मादक द्रव्याभोवती रंगणाऱ्या मेळाव्यांना देते. तेथे वाजवणाऱ्यांवर ठरावीक कार्यक्रम पुरा करण्याचे बंधन नव्हते, त्यामुळे एकच धून कितीही वेळ चालू शके. दुसरे मत जॅझकडे बोट दाखवते. ‘ग्रेटफुल डेड’चे बास गिटारवादक फिल लेश आणि गिटारवादक बॉब वीअर या दोघांनीही जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीचे ऋण मान्य केले होते. शिवाय लेश हा मिल्स कॉलेजात लुचानो बेरिओ या संगीतकाराकडे शिकलेला होता. तिसरे मत भारतीय रागसंगीताचा प्रभाव मूलभूत मानते. रविशंकर आणि अल्लारखाँ यांचे जून १९६७ मधील माँटरे महोत्सवातील वादन त्यासाठी पुढे केले जाते, परंतु ‘ग्रेटफुल डेड’च्या मार्च १९६७ मधील पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत ‘व्हायोला ली ब्लूज’ हे गाणे दहा मिनिटांहून अधिक चालते, म्हणजे विस्ताराची सवय त्याआधीच जडली होती. पॉल बटरफील्डच्या वाद्यवृंदाची ‘ईस्ट-वेस्ट’ ही सुमारे तेरा मिनिटांची, रागाच्या वळणाची रचना १९६६ ची असल्याने तिसरे मत अगदीच निराधार ठरत नाही. तरीही विस्ताराचा सांगाडा जॅझ आणि ब्लूज यांचा, आणि भारतीय प्रभाव प्रामुख्याने लयीच्या अंगाने व थोडा उशिरा आलेला, अशी मांडणी उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

लयीच्या अंगाचा हा प्रभाव मात्र स्पष्टपणे दाखवता येतो. सप्टेंबर १९६७ मध्ये ‘ग्रेटफुल डेड’मध्ये आलेला तालवादक मिकी हार्ट अल्लारखाँ यांच्या आवर्तनाच्या हिशेबाने भारावला होता; ‘द इलेव्हन’ या रचनेतील अकरा मात्रांची चाल याच काळातली. पुढे अल्लारखाँ यांचे चिरंजीव, मुंबईत जन्मलेले झाकीर हुसेन, यांच्यासह हार्टने ‘दिगा ऱ्हिदम बँड’ची ध्वनिमुद्रिका काढली (१९७६). तिच्यातील ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’ या तुकड्यावरून ‘फायर ऑन द माउंटन’ हे गाणे घडले आणि ते १८ मार्च १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात प्रथम वाजले. त्या रात्री ते ‘स्कार्लेट बिगोनियाज’ या जुन्या गाण्याला जोडून आले, आणि ही जोडी कायमची झाली.

मैफलीत आनंद कसा निर्माण होतो, हे या जोडीवरून चांगले कळते. पहिल्या गाण्याचे शब्द संपले की वाद्ये ‘बी’ या स्वरावर रेंगाळतात. हळूहळू हालचाल ‘बी’ आणि ‘ए’ या दोनच स्वरसंघातांपुरती उरते, आणि दुसरे गाणेही याच दोहोंवर उभे असल्याने अमुक क्षणी पहिले संपले असे बोट ठेवून सांगता येत नाही. बासची परिचित चाल अर्धीमुर्धी डोकावते, मागे सरते, पुन्हा येते. ती ओळखलेले श्रोते गायन सुरू होण्याच्या कितीतरी आधी आरोळी देतात, आणि तिच्याने वादकांनाही जोर चढतो. श्रोत्यांनी लिहून ठेवलेल्या गाण्यांच्या याद्यांत अशा न थांबता झालेल्या संक्रमणासाठी दोन नावांमध्ये बाणाची खूण असते. कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये ८ मे १९७७ रोजी झालेले या जोडीचे वादन विशेष नावाजले गेले. बेटी कँटर-जॅक्सन यांनी केलेले त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समाविष्ट आहे.

श्रोत्याची ही तयारी मुख्यतः ध्वनिफितींनी केली. चाहते सुरुवातीला चोरून मुद्रण करीत. ‘ग्रेटफुल डेड’ने त्याकडे काणाडोळा केला आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कली येथील मैफलींपासून त्यांना सभागृहात अधिकृत जागा दिली. ती ध्वनिनियंत्रण मंचाच्या मागे असे. उंच दांड्यांवर चढवलेल्या मायक्रोफोनच्या जोड्यांचे तेथे रान माजे, आणि शेजाऱ्याची टाळीही फितीत उतरू नये म्हणून या भागातील माणसे सहसा गप्प उभी राहत. नियंत्रण मंचावरून थेट घेतलेली फीत स्वच्छ असते, पण तिच्यात सभागृह ऐकू येत नाही. श्रोत्यांमधून घेतलेली फीत गढूळ असली तरी आरोळी नेमकी कोठे उठली हे तीच सांगते, म्हणून अभ्यासकाला दुसरीचे मोल अधिक वाटावे. फिती विकायच्या नाहीत, अदलाबदल करायची, हा दंडक होता. मुद्रण मिळत असताना लोक मैफलीला येणार नाहीत ही भीती येथे खोटी ठरली. एकाच गाण्याची अनेक रूपे घरी ऐकलेला माणूस आज ते कोणत्या वाटेने जाईल या ओढीने येई. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तर मोठी क्रीडांगणे भरू लागली.

या आनंदाची उपपत्ती दोन अंगांनी दिली जाते. समाजशास्त्रीय लेखनात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमच्या सामूहिक उत्कटतेच्या, म्हणजे एकत्र जमलेल्यांना चढणाऱ्या सामायिक भावावेगाच्या, कल्पनेचा आधार घेतात. रिबेका ॲडम्स यांनी १९८९ च्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांसह ‘ग्रेटफुल डेड’च्या दौऱ्यावर जाऊन या समुदायाचा क्षेत्राभ्यास केला. दुसरी उपपत्ती अपेक्षेवर भर देते. माँट्रिऑल येथील २०११ च्या एका प्रयोगात, आवडते संगीत ऐकताना उत्कर्षबिंदूच्या वेळी आणि त्याच्या प्रतीक्षेतही मेंदूत डोपामीन हे सुखाच्या अनुभवाशी निगडित रसायन स्रवते असे आढळले. तो प्रयोग मुद्रित संगीतावरचा असल्याने जशाच्या तशा स्वरूपात येथे लावता येत नाही, पण दुसरी उपपत्ती अधिक पटते. कारण गर्दीचा उन्माद कोणत्याही मोठ्या कार्यक्रमात असतो, तर जॅम बँडच्या श्रोत्याला मुळात ठाऊक असलेले गाणे डोळ्यांदेखत अनोळखी होऊन परत येण्याचे सुख हवे असते. त्याचमुळे फसलेल्या रात्रीही तो उदार मनाने ऐकतो. ‘फिश’च्या चाहत्यांत गाण्याच्या चौकटीत राहणाऱ्या विस्ताराला ‘टाइप १’ आणि चौकट सोडून जाणाऱ्याला ‘टाइप २’ म्हणतात. दुसरा अधिक वेळा फसतो आणि त्याचीच वाट अधिक पाहिली जाते.

प्रमुख गिटारवादक व गायक जेरी गार्सियाचे ९ ऑगस्ट १९९५ रोजी निधन झाल्यावर ‘ग्रेटफुल डेड’ विसर्जित झाला, परंतु त्याच्या वादकांनी पुढील वाद्यवृंदांतून ही गाणी वाजती ठेवली. ‘फिश’ने ३१ डिसेंबर १९९९ च्या मध्यरात्री फ्लॉरिडातील बिग सायप्रस येथे सुरू केलेले वादन सूर्योदयापर्यंत चालले. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २०१७ च्या उन्हाळ्यात तेरा रात्री वाजवताना याच वाद्यवृंदाने एकही गाणे दुसऱ्यांदा घेतले नाही.